पिकअपचा गिअर धक्का न देता कसा टाकावा?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची रोजी आज चार चाकांवर अवलंबून आहे. गादीवाला असो, बेकरीवाला असो, भंगाराचा व्यापारी असो, कोंबड्या-अंडी पुरवणारा असो की लोखंडी खिडक्या-दरवाजे बनवणारा कारागीर असो, माल तयार झाला म्हणजे धंदा झाला असे होत नाही. तो माल किन्हवली, डोळखांब, खर्डी, सरळगाव, टोकावडे येथील गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवावा लागतो आणि कच्चा माल कल्याण-भिवंडीहून आणावा लागतो. त्यासाठी पिकअप घेतली जाते. गाडी घेताना आपण किंमत विचारतो, विमा विचारतो, एका लिटरला किती किलोमीटर जाते हे विचारतो. एक गोष्ट मात्र सहसा कोणी विचारत नाही. गाडी जो चालवणार आहे त्याला गिअर नीट टाकता येतो काय?

हा प्रश्न किरकोळ वाटेल. गाडी पुढे जाते आहे, माल पोहोचतो आहे, मग गिअर टाकताना थोडा झटका बसला तर काय बिघडले, असे पुष्कळजण म्हणतात. परंतु प्रत्येक झटक्याची किंमत कोणीतरी मोजत असतो. कधी ती क्लच प्लेट मोजते, कधी मागे ठेवलेला माल मोजतो आणि घाटाच्या उतारावर ती जिवाने मोजावी लागते. म्हणून गिअरचे काम कसे चालते, ते शिकावे कसे आणि चुकीच्या सवयींनी व्यापाऱ्याचे काय नुकसान होते, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

झटका का बसतो?

दातेरी चाकांची विद्या जुनी आहे. इ.स. १२०६ मध्ये इस्माईल अल-जझरी यांनी यंत्रांवरील आपला ग्रंथ पूर्ण केला. पाणी उपसण्याच्या ज्या यंत्रांचे त्यांनी वर्णन केले, त्यांत दातेरी चाके आहेत आणि क्रँकही आहे. या वारशाचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावाही. परंतु अभिमानाने गिअर पडत नाही. त्यासाठी यंत्राचा हिशेब समजून घ्यावा लागतो, आणि तो हिशेब फार अवघड नाही.

डिझेल इंजिन मिनिटाला हजार-दोन हजार फेऱ्या फिरते. चाके मात्र कधी उभी असतात, कधी हळू फिरतात, कधी वेगाने. या दोघांची सांगड घालण्याचे काम गिअरबॉक्स करतो. समजण्यासाठी सोपे आकडे धरू. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या ४ फेऱ्यांना मागे जाणाऱ्या शाफ्टची १ फेरी होते, दुसऱ्यात २.४ फेऱ्यांना १, तिसऱ्यात १.५ फेऱ्यांना १ आणि चौथ्यात एकास एक. प्रत्येक गाडीचे आकडे थोडे वेगळे असतात, पण तत्त्व हेच.

आता पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्या फिरत आहे असे समजा. म्हणजे शाफ्ट ६२५ फेऱ्या फिरत आहे. आपण दुसरा गिअर टाकला. गाडीचा वेग तोच आहे, म्हणून शाफ्ट अजूनही ६२५ वरच आहे. पण दुसऱ्या गिअरच्या हिशेबाने इंजिनला आता १,५०० फेऱ्यांवर यायचे आहे. इंजिन २,५०० वर असतानाच आपण क्लच सोडला तर हा हजार फेऱ्यांचा फरक क्लच प्लेटला घासून भरून काढावा लागतो. तो घासण्याचा क्षण म्हणजेच झटका. अर्धा-एक क्षण थांबून इंजिन १,५०० वर उतरू दिले आणि मग क्लच सोडला, तर प्लेटला घासायला काही उरतच नाही आणि गाडीत बसलेल्याला गिअर बदलल्याचे कळतही नाही.

हळुवार गिअर टाकण्याचे सारे रहस्य एवढेच आहे. इंजिनचा वेग आणि चाकांचा वेग जुळू द्यावा आणि मगच दोघांना जोडावे. त्याला हाताची ताकद लागत नाही, कान आणि सबुरी लागते.

येथे कोणी म्हणेल की नव्या गाड्यांत सिंक्रोनायझर असतो, मग एवढी काळजी कशाला? सिंक्रोनायझर म्हणजे गिअरबॉक्समधील पितळेसारख्या धातूची कडी. ती दोन चाकांचे वेग घासून जुळवते आणि मगच दात एकमेकांत बसू देते. अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली ही सोय आपल्या मोटारींत आणली. त्याआधीच्या मोटारींत प्रत्येक गिअरला चालकाला स्वतः वेग जुळवावा लागे. सिंक्रोनायझरमुळे काम सोपे झाले, परंतु तो फक्त गिअरबॉक्सच्या आतील चाके जुळवतो. इंजिन आणि क्लच प्लेट यांच्यातील फरक चालकानेच सांभाळायचा असतो. शिवाय दांडा जबरदस्तीने ओढणाऱ्याच्या हाती ती कडीही लवकर झिजते.

पहिला धडा : उभी गाडी

नव्या शिकणाऱ्याला लगेच रस्त्यावर नेऊ नये. फजरच्या नमाजनंतर मोकळे मैदान गाठावे. गाडी रिकामी असावी, इंजिन बंद आणि हँडब्रेक ओढलेला असावा. क्लच पूर्ण दाबून दांडा एकेका गिअरमध्ये नेण्याचा सराव करावा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. बहुतेक पाच गिअरच्या पिकअपमध्ये पहिला आणि दुसरा गिअर आपल्यापासून दूर, डाव्या बाजूला असतात. तिसरा आणि चौथा मध्ये असतात, तर पाचवा आपल्या बाजूला. रिव्हर्सची जागा गाडीप्रमाणे बदलते. ती दांड्याच्या मुठीवरील आकृतीत पाहावी.

दांडा मुठीत घट्ट धरू नये. पहिल्या-दुसऱ्यासाठी तळव्याने दूर ढकलत न्यावा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आधी न्यूट्रलमध्ये आणून हात सैल सोडावा. स्प्रिंगमुळे दांडा आपोआप मधल्या रांगेत येतो, मग नुसता पुढे ढकलावा. पाचव्यासाठी आपल्याकडे घेऊन पुढे. ही सवय लागली नाही तर घाईत मोठी चूक होऊ शकते. पाचव्यातून चौथ्यात येताना हात दूर ओढला गेला, तर दांडा दुसऱ्यात जातो. वेगात असलेल्या गाडीत इंजिन एकदम किंचाळते, मागची चाके अडखळतात आणि इंजिनला कायमची इजा होऊ शकते.

प्रत्येक बदल दोन हालचालींत करावा. आधी न्यूट्रल, क्षणभर विसावा, मग पुढचा गिअर. एका ओढीत दांडा नेणे हे तरबेज चालकाचे लक्षण आहे असा एक समज आहे. तो चुकीचा आहे.

दुसरा धडा : क्लचची पकड

आता बिस्मिल्लाह म्हणून इंजिन सुरू करावे. सपाट जागेवर पहिला गिअर टाकून एक्सिलेटरला पाय न लावता क्लच अगदी सावकाश वर आणावा. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जड होतो, गाडीचे नाक किंचित हलते. हीच क्लचची पकड. पाय तेथे क्षणभर थांबवला की डिझेल पिकअप रेस न देताही चालू लागते. सीएनजी किंवा पेट्रोलच्या गाडीला थोडी रेस लागते. गाडी चालू लागली की पाय पूर्ण काढावा. पुन्हा थांबावे, पुन्हा उठवावी. हे पंचवीस-तीस वेळा करावे. पकड कुठे आहे हे पायाला न पाहता कळू लागले म्हणजे अर्धे शिक्षण झाले.

यानंतर चढ घ्यावा. चढावर गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा, क्लच पकडीपर्यंत आणावा, थोडी रेस द्यावी आणि गाडी पुढे जाण्यासाठी ओढ घेऊ लागली की हँडब्रेक सोडावा. गाडी एक वीतही मागे येता कामा नये. अनेक चालक चढावर हँडब्रेक न वापरता क्लच आणि रेस यांच्या जोरावर गाडी लटकवून ठेवतात. यालाच हाफ क्लच म्हणतात. पाहणाऱ्याला हे कौशल्य वाटते. प्रत्यक्षात त्या प्रत्येक क्षणी प्लेट दोन फिरत्या तव्यांमध्ये भाजली जात असते. पौष पौर्णिमेला म्हसा येथे भरणाऱ्या यात्रेच्या गर्दीत किंवा मुरबाडच्या बाजाररस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलाने सरकवताना हीच चूक होते. तेथे पुढच्या गाडीमागे लगेच सरकू नये. दोन-तीन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्यावी, मग क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरमध्ये जावे आणि पुन्हा पूर्ण थांबावे.

आणखी दोन नियम पक्के लक्षात ठेवावेत. चालताना डावा पाय क्लचवर ठेवू नये. नुसत्या पायाच्या वजनानेही क्लच किंचित उचलला जातो, प्लेट घसरते आणि रिलीज बेअरिंग सतत फिरत राहून झिजते. दुसरे असे की गाडी रिकामी असली तरी ती दुसऱ्या गिअरमध्ये उठवू नये. पहिला गिअर त्यासाठीच दिलेला आहे.

तिसरा धडा : वरचा गिअर

पहिल्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी फार वेळ लावू नये आणि घाईही करू नये. डिझेल पिकअपमध्ये साधारणपणे १,८०० ते २,५०० फेऱ्यांच्या दरम्यान गिअर बदलावा. ज्या गाडीत फेऱ्यांचा काटा नाही तेथे कानाने ओळखावे. आवाज भरदार आहे पण कर्कश झालेला नाही, ही योग्य वेळ. क्रम असा असावा. एक्सिलेटरवरून पाय काढा आणि त्याच वेळी क्लच पूर्ण दाबा. दांडा न्यूट्रलमध्ये आणा. मनात 'एक' म्हणा. दांडा पुढच्या गिअरमध्ये न्या. क्लच पकडीपर्यंत सोडा, तेथे किंचित रेंगाळा, मग पूर्ण सोडून रेस द्या.

तो मनातला 'एक' हाच सगळ्यात मोलाचा. तेवढ्या वेळात इंजिन आपल्या फेऱ्या उतरवते. भरलेली गाडी चढावर असेल तर तो 'एक' लहान करावा, कारण तेवढ्यात गाडीचाही वेग पडतो. सपाट रस्त्यावर तो निवांत असू द्यावा.

शिकाऊ मुलाने उस्तादला म्हणावे, "उस्ताद, गिअर बसतच नाही," आणि उस्तादने उत्तर द्यावे, "बेटा, तो बसतो आहे, तूच त्याला बसू देत नाहीस," हा संवाद प्रत्येक गॅरेजसमोर ऐकू येतो. उस्ताद म्हणतो ते खरे आहे. दांड्यावर हलका, सतत दाब ठेवला की वेग जुळताच गिअर आपोआप आत ओढला जातो.

परीक्षा घ्यायची असेल तर मागे अंड्यांचे दोन-तीन ट्रे नुसते ठेवून, न बांधता, मैदानात एक फेरी मारावी. ट्रे सरकला तर शिक्षण अपुरे आहे. हे आम्ही विनोदाने सांगत नाही. अंडी, काच, बेकरीचा माल, पॉलिश केलेले फर्निचर यांचे जे नुकसान आपण खराब रस्त्याच्या नावावर लिहितो, त्यातील काही भाग गिअरच्या नावावर लिहायला हवा. बकरी ईदच्या आधी बोकडांची ने-आण करणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. झटका बसला की उभी जनावरे एकमेकांवर कोसळतात, त्यांचे पाय मुरगळतात. मुक्या जनावराला त्रास देण्याचा हक्क आपल्याला नाही आणि लंगडे झालेले जनावर कुर्बानीसाठी कोणी घेणारही नाही.

चौथा धडा : खालचा गिअर

वरचा गिअर टाकणे पुष्कळांना जमते. खालचा गिअर टाकताना खरी पारख होते. येथे हिशेब उलटा असतो. तिसऱ्यात इंजिन १,५०० फेऱ्यांवर असताना दुसरा गिअर टाकला तर इंजिनला २,४०० वर जावे लागते. चालकाने काहीच केले नाही तर गाडीची चाके त्याला ओढून तेथे नेतात, आणि ती ओढ क्लचवर व मागच्या चाकांवर येते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर मागून रिकामी असलेली पिकअप अशा ओढीने घसरूही शकते.

उपाय सोपा आहे. क्लच दाबून दांडा खालच्या गिअरमध्ये नेताना, क्लच सोडण्यापूर्वी एक्सिलेटरला हलकासा टोला द्यावा. इंजिनचा आवाज वर चढला की त्याच क्षणी क्लच सोडावा. दोन्ही वेग जुळलेले असल्याने गाडी लोण्यासारखी गिअर घेते. जुन्या गाड्यांत, जेथे सिंक्रोनायझर झिजलेला असतो, तेथे दुहेरी क्लच वापरतात. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेसचा टोला, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. नव्या गाडीला याची रोज गरज नाही, पण येत असलेले बरे.

चढावर खालचा गिअर वेळेआधी टाकावा. इंजिन थरथरू लागेपर्यंत, दम टाकेपर्यंत वाट पाहू नये. शहापूर-किन्हवली-सरळगाव रस्त्याने जाताना चढ आणि वळण समोर दिसले की वळणापूर्वीच गिअर बदलून मोकळे व्हावे. वळणात एक हात दांड्यावर आणि पाय क्लचवर असणे धोक्याचे. गतिरोधकापाशीही वेग आधी कमी करावा, दुसरा गिअर टाकावा आणि क्लच सोडलेल्या स्थितीत पलीकडे जावे.

घाटाचा उतार

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या भागातील व्यापाऱ्याला दोन घाट ठाऊक आहेत. शहापूरकडून नाशिकला जाताना कसारा घाट आणि मुरबाडकडून टोकावड्यावरून आळेफाट्याच्या बाजूला जाताना माळशेज घाट. नाशिकचा भाजीपाला, द्राक्षे, जुन्नरकडचा कांदा-टोमॅटो घेऊन भरलेली गाडी या घाटांतून खाली येते. २०२५ च्या जून महिन्यात समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसाऱ्याचा घाट टाळण्याची सोय झाली. परंतु तेथे टोल आहे, आणि ज्याचे गिऱ्हाईक कसारा-खर्डीच्या बाजूला आहे त्याला जुना रस्ता सुटत नाही. माळशेजला तर असा पर्यायच नाही. पावसाळ्यात तेथे धुके उतरते, कड्यावरून पाणी रस्त्यावर येते आणि कधी दरडही कोसळते.

उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची एक घातक पद्धत आहे. काही मालकच चालकाला तसे सांगतात. याविषयी आम्हाला स्पष्ट लिहावेसे वाटते.

न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरणाऱ्या गाडीला इंजिनचा आधार राहत नाही. गाडी आणि माल यांचे सारे वजन एकट्या ब्रेकवर येते. ब्रेक सतत दाबून ठेवले की लायनर तापतात आणि त्यांची पकड कमी होते. ब्रेकचे तेल उकळले तर त्यात वाफ होते आणि पेडल नुसतेच खाली जाते. त्या क्षणी गिअर टाकू म्हटले तर तो टाकता येत नाही, कारण गाडीचा वेग इतका वाढलेला असतो की खालच्या गिअरशी इंजिन जुळूच शकत नाही. ज्याने किल्ली फिरवून इंजिनही बंद केले, त्याचे संकट आणखी मोठे. ब्रेकला साहाय्य करणारी हवा दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होते आणि किल्ली बाहेर निघाली तर स्टिअरिंगला कुलूपही लागते.

आणि हे सर्व कशासाठी? आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना एक्सिलेटरवरून पाय काढला की इंजिनला जाणारे डिझेल बहुधा बंदच होते, कारण चाकेच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतःच्या बळावर चालू राहण्यासाठी डिझेल जाळावे लागते. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घातला जातो, ती बचत या गाड्यांत होतच नाही.

नियम साधा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढता, निदान त्याच गिअरमध्ये तो उतरा. माल जास्त असेल तर एक गिअर आणखी खाली. गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकावा, उतारात नव्हे. वेग वाढू लागला तर ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करावा आणि पुन्हा पूर्ण सोडावा, म्हणजे लायनर थंड होण्यास अवधी मिळतो. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, कारण थांबलेली भरली गाडी चढावर पुन्हा उठवणे कठीण असते. रहदारीचा नियमही हेच सांगतो.

कसाऱ्याला रेल्वेचा मार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याचा चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. लोखंडी रुळांवर एवढा चढही भारी पडतो, म्हणून कसारा ते इगतपुरी गाड्यांना मागून जादा इंजिने लावली जातात. एवढी मोठी रेल्वे घाटाचा मान राखते. मग आपल्या पिकअपने तो का राखू नये? अल्लाहवर भरवसा ठेवावा, पण तवक्कुल म्हणजे हात सोडून बसणे नव्हे. आधी उंट बांधावा ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवणे हे आजच्या काळातले उंट बांधणेच आहे.

वहीतला हिशेब

व्यापाऱ्याला आकडे पटतात, म्हणून एक हिशेब मांडतो. समजा, क्लच सेट आणि मजुरी मिळून १२,००० रुपये बिल आले. हाफ क्लचवर चालणाऱ्या गाडीचा सेट ३०,००० किलोमीटरला गेला, तर प्रत्येक किलोमीटरला ४० पैसे क्लचवर खर्च झाले. तोच सेट नीट चालवून ८०,००० किलोमीटर टिकला तर खर्च १५ पैसे. आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीचे बिल आणि किलोमीटर घालून हा भागाकार करून पाहावा. शिवाय गाडी गॅरेजमध्ये उभी राहते ते दिवस, परत गेलेले गिऱ्हाईक आणि भाड्याने घेतलेली दुसरी गाडी यांचाही हिशेब धरावा. यंत्र वापरून झिजले तर तो खर्च आहे. निष्काळजीपणाने जाळले तर तो इस्राफ आहे.

गाडी स्वतःही काही खुणा देते, त्या ओळखाव्यात. क्लच दाबल्यावर घरघर येते आणि सोडल्यावर थांबते, तर रिलीज बेअरिंग पाहावे. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, तर प्लेट घसरते आहे. क्लच पूर्ण दाबूनही गिअर टाकताना आवाज येतो, तर क्लच पुरता सुटत नाही. त्याची बैठक किंवा तेल तपासावे. चालता चालता गिअर आपोआप बाहेर येतो, तर गिअरबॉक्स उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. रिव्हर्स टाकताना करकर होत असेल तर आधी स्वतःला तपासावे. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन-तीन क्षण थांबल्यावर आवाज येत नसेल, तर दोष गाडीचा नसून घाईचा आहे.

मालकाची जबाबदारी

धंद्यात मुलगा हाताशी आला की त्याच्या हाती गाडी देण्याची घाई होते. कायदा येथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार मालवाहू गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात. १८ वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. जादा माल भरल्यास २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. परवान्याबाबत एक दिलासा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवण्यासाठी वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. पिकअप या मर्यादेत येते. पण कागदी परवाना असणे आणि माल भरून घाट उतरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नये.

पगारी चालक ठेवला असेल तर त्याला शिकण्यास वेळ द्यावा. आठ दिवस रिकामी गाडी, मग अर्धा माल, मग पूर्ण माल आणि शेवटी जाणत्या चालकाला शेजारी बसवून घाट, असा क्रम ठेवावा. वेळेत पोहोचण्यासाठी त्याच्यामागे फोनवर तगादा लावू नये. मालक घाई करतो, चालक गिअर ओढतो आणि बिल पुन्हा मालकालाच येते. चालकाने न्यूट्रलमध्ये घाट उतरून डिझेल वाचवले म्हणून शाबासकी देणारा मालक उद्याच्या अपघातात वाटेकरी आहे, हे त्याने समजून असावे.

२०२२ मध्ये टाटांनी आपल्या एस गाडीची विजेवर चालणारी आवृत्ती आणली. अशा गाड्यांत क्लचच नसतो. पुढेमागे गिअरचा दांडा नाहीसा होईलही. परंतु आज शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर माल वाहणाऱ्या पिकअपला बहुधा दांडा आहे आणि तो कोणाच्या तरी हातात आहे. पिकअपमध्ये जो माल असतो तो पुष्कळदा आपला नसतो. गिऱ्हाइकाने पैसे दिलेले कपाट असते, दुकानदाराने मागवलेली अंडी असतात, शेतकऱ्याचा टोमॅटो असतो. ती अमानत आहे. चालकाच्या घरी त्याची वाट पाहणारी माणसे आहेत, तीही अमानतच. मनात 'एक' म्हणण्याएवढा वेळ दिला तर या दोन्ही अमानती सुखरूप पोहोचतात. वाचक बांधवांनी येत्या शुक्रवारी जुमाच्या नमाजनंतर तासभर काढून आपल्या चालकाशेजारी बसावे, एक फेरी मारावी आणि कान देऊन ऐकावे. गाडी काय सहन करते आहे ते लगेच कळेल, आणि दुरुस्तीची सुरुवात गॅरेजमध्ये करायची की चालकाच्या सवयीत, हेही तेव्हाच ठरवता येईल.